स्पॅनिशच्या मधल्या वर्षांत अडकल्यावर: मराठीचा आधार कुठे घ्यायचा, कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेत स्पॅनिशचं तिसरं वर्ष चालू आहे. पहिली दोन वर्षं उत्तम गुण मिळाले. आता दोन-दोन भूतकाळ, चिमुकली सर्वनामं आणि सबजंक्टिव्ह (इच्छा, शंका, भावना यांसाठी क्रियापदाचं वेगळं रूप) हे सगळं एकदम अंगावर आलंय. रिकाम्या जागा भरता येतात, पण 'सुट्टीत काय केलंस ते सांग' म्हटलं की दोन वाक्यांत गाडी थांबते. घरी मराठी बोलतात, पाठ्यपुस्तक मात्र इंग्रजीतून समजावतं. अभ्यास कुठून धरायचा?

मी शाळेत याच वर्गांना बरीच वर्षं स्पॅनिश शिकवते आहे आणि हुशार, मन लावून अभ्यास करणारी मुलं नेमकी इथेच अडखळताना दर वर्षी बघते. त्यामुळे सगळ्यात आधी एक सांगते: तुझा अभ्यास कमी पडलेला नाही, तुझ्याकडून मागितलं जाणारं काम बदललंय. अमेरिकेतल्या परभाषा-शिक्षकांची ॲक्टफल नावाची संस्था आहे. तिच्या मोजपट्टीवर पहिल्या टप्प्यातला विद्यार्थी पाठ केलेले शब्द आणि ठरावीक वाक्यं वापरतो. मधल्या टप्प्यातला स्वतःची वाक्यं स्वतः जुळवतो, साधे प्रश्न विचारतो, रोजच्या प्रसंगात निभावून नेतो. त्याच्याही वर गेलं की घडलेली गोष्ट काळांचं भान ठेवून परिच्छेदभर सांगता यावी लागते. युरोपच्या मोजपट्टीत तुझा वर्ग साधारण ए२ आणि बी१, म्हणजे दुसरी आणि तिसरी पातळी, यांच्या मध्ये कुठेतरी येतो. म्हणजे आतापर्यंत गुण पाठांतराला होते, आता ते जुळवणीला आहेत.

आणि जुळवणी करताना तुझं डोकं आपोआप इंग्रजीकडे धावतं, कारण पुस्तक इंग्रजीत आहे. माझं ठाम मत असं की मधल्या वर्षांतले जे विषय सगळ्यांना छळतात, त्यातल्या बऱ्याच जागी इंग्रजी हा वाईट वाटाड्या आहे आणि मराठी चांगला. जो भेद इंग्रजीत नाही म्हणून पुस्तकाला चार पानं नियम लिहावे लागतात, तो भेद तू लहानपणापासून न चुकता बोलते आहेस. पण सगळीकडे हे चालत नाही. काही जागी मराठीच तुला चकवते, त्या जागाही सांगते.

(स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिते आहे. बी आणि व्ही या दोन्ही अक्षरांचा उच्चार स्पॅनिशमध्ये एकच असल्यामुळे दोन्हींसाठी 'ब' वापरला आहे. जिथे जोर कुठे पडतो याला महत्त्व आहे, तिथे जोराच्या अक्षरानंतर लगेच ऽ आहे.)

भूतकाळापासून सुरुवात करू, कारण गोष्ट सांगण्याचं सगळं ओझं त्याच्यावर आहे. पुस्तकात तू वाचलं असशील: प्रेतेरितो म्हणजे पूर्ण झालेली क्रिया, इम्पेर्फेक्तो म्हणजे चालू असलेली किंवा सवयीची. मग खाली खुणेच्या शब्दांची यादी. 'काल' आलं की हा, 'नेहमी' आलं की तो. ती यादी बाजूला ठेव. इंग्रजीत 'वाचलं' आणि 'वाचायचे' या दोन्हींसाठी बऱ्याचदा एकच रूप चालून जातं, म्हणून तिथल्या मुलांना यादी लागते. तुझ्याकडे तीन स्वतंत्र रूपं आहेत: 'मी वाचलं', 'मी वाचत होते', 'मी वाचायचे'. पहिल्याला स्पॅनिशमध्ये 'लेईऽ'. दुसऱ्या आणि तिसऱ्या दोन्हींना 'लेईऽआ'. आपल्या व्याकरणात ज्यांना अपूर्ण भूतकाळ आणि रीतिभूतकाळ म्हणतात, ते दोन्ही मिळून इम्पेर्फेक्तो. एवढंच.

आता हे गोष्टीत लावून बघ. 'मी बसथांब्यावर उभी होते. खूप माणसं होती. बस आली, दार उघडलं, मी चढले.' पहिली दोन वाक्यं देखावा उभा करतात, नंतरची तीन क्रियापदं गोष्ट पुढे नेतात. स्पॅनिशमध्ये: 'एस्ताबा एन ला पारादा. आबीआ मुचा हेन्ते. येगोऽ एल आउतोबुस, से आब्र्योऽ ला प्वेर्ता, सुबीऽ.' देखावा इम्पेर्फेक्तोत, घडामोड प्रेतेरितोत. तू मराठीत हीच गोष्ट सांगताना 'बस येत होती, दार उघडत होतं, मी चढत होते' असं म्हणशील का? म्हटलंस तर ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघेल, कारण अजून काही घडलेलंच नाही. हाच कान स्पॅनिशला लाव.

मराठीचा याहून मोठा उपयोग त्या चार-पाच क्रियापदांत आहे ज्यांचा 'अर्थ बदलतो' असं पुस्तक म्हणतं. विद्यार्थी ही चौकट घोकतात आणि परीक्षेत उलटी लिहितात. मराठीत त्यांच्यासाठी चक्क वेगवेगळे शब्द आहेत. 'साबीआ' म्हणजे माहीत होतं, 'सुपे' म्हणजे कळलं. 'कोनोसीआ' म्हणजे ओळखत होते, 'कोनोसीऽ' म्हणजे ओळख झाली. 'पोदीआ' म्हणजे करता येत होतं किंवा करता आलं असतं, 'पुदे' म्हणजे जमलं. 'नो केरीआ इर' म्हणजे जायचं नव्हतं, आणि 'नो कीसे इर' म्हणजे जायला तयारच झाले नाही. जमणं, कळणं, ओळख होणं या सगळ्यांत एक क्षण असतो, तिथे प्रेतेरितो. माहीत असणं, ओळखत असणं यांत क्षण नसतो, तिथे इम्पेर्फेक्तो.

आता सापळा. मराठीतलं 'होतं' दोन्हीकडे चालतं, आणि तिथे तुला मदत मिळणार नाही. 'बाहेर थंडी होती म्हणून मी घरात थांबले' यात थंडी हा देखावा आहे: 'आसीआ फ्रीओ'. 'काल दिवसभर थंडी होती' यात मी पूर्ण दिवस सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोजून बंद केला: 'आयेर इसोऽ'... इथे थांब. हे मुद्दाम चुकीचं लिहिलं आहे, कारण वर्गात सगळे असंच म्हणतात. खरं रूप 'इऽसो', जोर पहिल्या अक्षरावर. 'आयेर इऽसो फ्रीओ तोदो एल दीआ.' तसंच 'मी तिथे दोन वर्षं होते' याला 'एस्तुबे दोस आन्योस', आणि 'मी तिथे होते तेव्हा' याला 'क्वांदो एस्ताबा आयी'. कसोटी एकच: वाक्यात त्या काळाची दोन्ही टोकं धरली आहेत का? 'दोन वर्षं', 'दिवसभर', 'तीनदा' असं मोजमाप झालं असेल तर प्रेतेरितो.

रूपांचं म्हणशील तर इम्पेर्फेक्तो हा स्पॅनिशमधला सगळ्यात गरीब काळ आहे. अनियमित क्रियापदं फक्त तीन: 'सेर' (असणं) चं एरा, 'इर' (जाणं) चं इबा, 'बेर' (पाहणं) चं बेईआ. कष्ट प्रेतेरितोला लागतात. तिथे 'तुबे, एस्तुबे, पुदे, पुसे, सुपे, बिने, कीसे, इसे, दिहे, त्राहे' ही टोळी एकत्र पाठ कर, कारण या सगळ्यांत जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर आहे आणि लिहिताना वर तिरकी खूण येत नाही. नियमित क्रियापदांत 'मी' आणि 'तो' यांच्या रूपांत जोर शेवटी जातो: आब्लेऽ, आब्लोऽ, कोमीऽ, कोम्योऽ. दोन्ही गट मिसळले की 'तुबोऽ' अशी चुकीची रूपं तोंडातून निघतात.

जोराबद्दल इथेच बोलते, कारण मराठी बोलणाऱ्या मुलांची हीच खरी दुखती जागा आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. मराठीत कुठल्या अक्षरावर जोर दिला याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. स्पॅनिशमध्ये बदलतो, आणि क्रियापदांत तर तो काळ आणि माणूसच बदलतो. 'आऽब्लो' म्हणजे मी बोलते. 'आब्लोऽ' म्हणजे तो बोलला. 'आब्लेऽ' म्हणजे मी बोलले, आणि 'आऽब्ले' हे सबजंक्टिव्ह. सगळी अक्षरं सारख्याच वजनाने बोलायची आपली सवय घेऊन तू बोललीस तर ऐकणाऱ्याला कुणी, कधी, काय केलं हेच कळत नाही, आणि तुला वाटतं की आपलं व्याकरण कच्चं आहे. नियम सोपा आहे. शब्द स्वरात किंवा 'न', 'स' मध्ये संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, बाकी शब्दांत शेवटच्या अक्षरावर, आणि याला अपवाद असेल तिथे वर खूण लिहिलेली असते. म्हणून खूण ही शुद्धलेखनाची सजावट समजू नकोस. क्रियापद पाठ करताना मोठ्याने म्हण आणि जोराच्या अक्षरावर टेबलावर टिचकी मार. रोज पाच मिनिटं पुरतात.

बाकीच्या उच्चारांत तू इतरांपेक्षा पुढे आहेस. स्पॅनिश 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दातांना जीभ लावून होतात, 'प, त, क' मध्ये श्वासाचा झोत नसतो. इंग्रजीतून शिकलेली मुलं 'टेंगो' म्हणतात, तू 'तेंगो' म्हण. वर्गात सगळे 'ट' म्हणतात म्हणून तूही म्हणायला लागली असशील तर ते आजच सोड.

सर्वनामांकडे येते. 'मे लो दास' या तीन शब्दांत 'मला ते देतोस' एवढं सगळं आहे आणि क्रमसुद्धा हुबेहूब मराठीचा: मला, ते, देतोस. इंग्रजीत क्रियापद आधी येतं, म्हणून तिथून जाणारी मुलं कायम उलटसुलट करतात. तू मराठी वाक्य मनात म्हण आणि शब्द त्याच जागी ठेवत जा. 'मी त्याला ते दिलं' म्हणजे 'से लो दि'. ('ले' आणि 'लो' शेजारी आले की पहिल्याचं 'से' होतं, हे एक गिळून टाकायचं.) होकारार्थी आज्ञा करताना मात्र सर्वनामं क्रियापदाच्या मागे चिकटतात: 'दामेलो', म्हणजे दे-मला-ते.

इथला सापळा म्हणजे आपलं 'त्याला'. 'त्याला पाहिलं' आणि 'त्याला सांगितलं' यात मराठी एकच रूप वापरते, स्पॅनिश दोन: 'लो बि', पण 'ले दिहे'. कुठे लो-ला (पुल्लिंगी लो, स्त्रीलिंगी ला) आणि कुठे ले, हे ओळखायला मी वर्गात एक चाचणी देते. माणसाच्या जागी निर्जीव वस्तू किंवा संस्था ठेवून बघ. 'शेजाऱ्याला शोधलं' च्या जागी 'किल्ली शोधली': मराठीचा 'ला' गळून पडला. मग सर्वनाम लो किंवा ला. 'मैत्रिणीला पत्र लिहिलं' च्या जागी 'बँकेला पत्र लिहिलं': मराठीचा 'ला' टिकून राहिला. मग सर्वनाम ले. काही क्रियापदं या चाचणीत बसत नाहीत, 'आयुदार' म्हणजे मदत करणं हे त्यातलं पहिलं, तिथे लो-ला वापर. स्पेनमधल्या मजकुरात पुरुषाबद्दल 'ले बि' असं दिसलं तर गोंधळू नकोस. एकवचनी पुरुषासाठी ही लकब तिथे रुळलेली आहे आणि स्पॅनिश भाषेची राजअकादमीही ती मान्य करते. शाळेच्या उत्तरपत्रिकेत 'लो' लिहिलंस की कुठेच अडचण नाही.

याच चाचणीतून दुसरा एक धडा फुकट मिळतो. 'मी घर पाहते' पण 'मी भावाला पाहते' हा आपल्या 'ला'चा खेळ स्पॅनिशमध्ये जसाच्या तसा आहे: 'बेओ ला कासा', पण 'बेओ आ मि एर्मानो'. पुस्तकात याला मोठं नाव देऊन वेगळा धडा असतो. तुला तो धडा पाच मिनिटांत संपवता येईल.

'मे गुस्ता'बद्दल फार लिहित नाही. 'मला पुस्तकं आवडतात' हे वाक्य जिच्या तोंडात आहे तिला 'मे गुस्तान लोस लिब्रोस' का, हे समजवायची गरज नाही. मला वाटतं म्हणजे 'मे पारेसे', मला कमी पडतं म्हणजे 'मे फाल्ता', सगळं त्याच साच्यातलं. फक्त दोन ठिकाणी जपायचं. 'माझं डोकं दुखतं' मध्ये स्पॅनिश 'माझं' म्हणत नाही: 'मे द्वेले ला काबेसा'. आणि भूक, तहान, भीती तिथे 'लागत' नाहीत, त्या माणसाजवळ असतात: 'तेंगो आम्ब्रे'.

'से' या शब्दाने मुलं हैराण होतात, कारण त्याचे उपयोग खूप. त्यातला एक मोठा हिस्सा मराठीतल्या फुटणं-फोडणं, तुटणं-तोडणं या जोड्यांनी सुटतो. 'रोंपीऽ एल बासो' म्हणजे मी पेला फोडला. 'से रोंप्योऽ एल बासो' म्हणजे पेला फुटला. वरच्या गोष्टीत बसचं दार 'उघडलं', ते 'से आब्र्योऽ' होतं ते याचमुळे. आणि 'से मे कायोऽ' म्हणजे 'माझ्या हातून पडला'. मुद्दाम केलं नाही, माझ्याकडून घडलं, हा भाव दोन्ही भाषांत व्याकरणातच भरलेला आहे.

आता सबजंक्टिव्ह. याचं नाव ऐकूनच मुलांचे चेहरे उतरतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण मराठीत विध्यर्थ नावाची गोष्ट आहे आणि आपण ती दिवसभर वापरतो. 'तू यावंस असं मला वाटतं': 'क्येरो के बेंगास'. 'तुला कळावं म्हणून सांगते': 'ते लो दीगो पारा के एंत्येंदास'. 'त्याने अभ्यास करावा हे बरं': 'एस मेहोर के एस्तुद्ये'. इच्छा, सल्ला, हेतू, विनंती यांत जिथे मराठीत -आवं येतं तिथे स्पॅनिशमध्ये जवळजवळ नेहमी सबजंक्टिव्ह येतो. वडीलधाऱ्यांना किंवा अनोळखी माणसाला उद्देशून केलेली आज्ञासुद्धा तशीच. आपण 'आत यावं, बसावं' म्हणतो, स्पॅनिशमध्ये 'पासे, स्येंतेसे' म्हणतात, आणि ही रूपं सबजंक्टिव्हचीच आहेत. 'उस्तेद' म्हणजे आपण, आणि आदराची आज्ञा विध्यर्थात. हे एकदा दिसलं की दोन वेगळे धडे एकच होतात.

आणखी एक जागा. 'जिला स्पॅनिश येत असेल अशी व्यक्ती हवी आहे' आणि 'जिला स्पॅनिश येतं अशी एक व्यक्ती माझ्या ओळखीची आहे' यातला 'असेल'चा फरक ऐक. पहिली व्यक्ती अजून सापडलेली नाही: 'बुस्को उना पेर्सोना के सेपा एस्पान्योल'. दुसरी आहे: 'कोनोस्को आ उना पेर्सोना के साबे एस्पान्योल'. भविष्यातल्या 'तेव्हा'लाही असंच: 'तू पोचशील तेव्हा' म्हणजे 'क्वांदो येगेस', सबजंक्टिव्ह. 'तू पोचतेस तेव्हा' (रोज) म्हणजे 'क्वांदो येगास', साधा वर्तमान.

मराठी इथे दोन ठिकाणी हात सोडते, आणि परीक्षेत नेमके तेच प्रश्न येतात. एक, शंका. 'मला वाटतं तो येईल' आणि 'तो येईल असं मला वाटत नाही' या दोन्हींत आपण 'येईल' म्हणतो. स्पॅनिशमध्ये 'क्रेओ के ब्येने', पण 'नो क्रेओ के बेंगा'. नकार आला की रूप बदलतं. दोन, भावना. 'तू इथे आहेस याचा मला आनंद आहे' यात मराठीला शंका नाही, इच्छाही नाही, साधं 'आहेस'. स्पॅनिश तरीही 'मे आलेग्रो दे के एस्तेस आकी' म्हणते, कारण मुख्य वाक्य बातमी देत नाही, बातमीवरची प्रतिक्रिया देतं. या दोन गटांसाठी मात्र बसून दहा-दहा वाक्यं स्वतःची लिही आणि पाठ कर. तिथे दुसरा इलाज नाही. 'वेळ असता तर आले असते' हा आपला संकेतार्थ आणि त्याची स्पॅनिश रूपं पुढच्या वर्षी येतील, त्यांची आत्ता चिंता नको.

'सेर' आणि 'एस्तार' (दोन्हींचा अर्थ 'असणं') यातलं कुठलं कधी, हा प्रश्न तू विचारलेला नाहीस, पण तिसऱ्या वर्षातही तो सुटलेला नसतो. 'कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार' हा पहिल्या वर्षीचा नियम आता टाकून दे. मरणाइतकं कायमचं काही नाही, तरी 'एस्ता मुएर्तो' म्हणतात. वस्तू कुठे आहे याला एस्तार, पण कार्यक्रम कुठे आहे याला सेर: 'ला फिएस्ता एस एन मि कासा'. आपला 'आहे' दोन्हीकडे चालत असल्याने मराठीचा आधार थोडाच. एक धागा मात्र पक्का आहे: जिथे '-लेला आहे' असं म्हणता येतं, म्हणजे दमलेली आहे, बसलेली आहे, उघडलेलं आहे, मेलेला आहे, तिथे एस्तार. 'पोर' आणि 'पारा' बाबतही असाच एक धागा: -साठी, -कडे निघाले आणि अमुक तारखेपर्यंत यांना पारा, तर -मुळे, -मधून, -च्या बदल्यात यांना पोर. याने बहुतेक काम भागतं.

आता बोलण्याचं. रिकाम्या जागा भरता येतात पण गोष्ट सांगता येत नाही, कारण रिकामी जागा तुला एका वाक्यापुरताच विचार करायला लावते. त्यावर उपाय म्हणजे रोज एक छोटी गोष्ट तोंडी सांगणं. लिहून वाचू नकोस. आज खरंच घडलेलं काहीतरी घे. आधी मराठीत मनातल्या मनात सांग आणि लक्ष ठेव की कुठे 'होतं', कुठे '-त होते', कुठे '-लं' आलं. मग फोनवर ध्वनिमुद्रण लावून तीच गोष्ट स्पॅनिशमध्ये सांग. अडलीस तरी थांबवू नकोस, शब्द सुचला नाही तर वळसा घाल: 'एस उना कोसा के सिर्बे पारा...' म्हणजे 'अमुक करायला लागणारी एक वस्तू'. मग ऐक, एकच प्रकारची चूक निवड, आणि तीच गोष्ट पुन्हा सांग. दुसऱ्यांदा सांगणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच मुलं टाळतात. पहिल्या खेपेला सगळी शक्ती शब्द शोधण्यात जाते. दुसऱ्या खेपेला शब्द हाताशी असतात, म्हणून काळ आणि सर्वनामांकडे लक्ष द्यायला जागा होते. गोष्ट तीच ठेवून दुसऱ्या दिवशी 'मी'च्या जागी 'ती' घाल, सगळी क्रियापदं बदलतील.

मनातल्या मनात मराठीतून जायचं हे कायमचं नाही, बरं का. अर्थातला भेद पकडण्यापुरती मराठी घ्यायची. तो भेद रुळला की 'सुपे' म्हणताना 'कळलं' आठवावं लागत नाही, आणि ते ज्या दिवशी आपोआप सुटेल त्या दिवशी सुटू दे. शब्दाला शब्द लावून भाषांतर करायला लागलीस तर मात्र मराठीनेही तितकाच घात होईल.

वर्गात बोलताना विचार करायला वेळ हवा असतो, त्यासाठी स्पॅनिश माणसं जे शब्द वापरतात तेच वापर: 'प्वेस', 'आ बेर', 'ब्वेनो', 'एस के...'. शेवटचा तर आपल्या 'त्याचं असं आहे की' सारखाच आहे. इंग्रजी 'अं' आणि 'लाइक' यापेक्षा हे बोललीस तर वाक्याचा सूर स्पॅनिशमध्येच राहतो. कर्ता सोड, 'यो, यो' प्रत्येक वाक्यात नको. आपण 'जाते', 'येते' म्हणतो तसंच 'बोय', 'बेंगो' पुरतं. आणि 'दोन वर्षं शिकतेय' यात आपण जसा वर्तमानकाळ वापरतो तसाच तिथेही: 'एस्तुद्यो एस्पान्योल देस्दे आसे दोस आन्योस', किंवा अधिक रुळलेलं 'येबो दोस आन्योस एस्तुद्यांदो'. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बऱ्याचदा हाच असतो.

वाचनाबद्दल: तुझ्या पातळीपेक्षा थोडं सोपं वाच आणि पुष्कळ वाच. एका पानावर डझनभर शब्द अडत असतील तर ते पुस्तक पुढच्या वर्षासाठी ठेव. वाचताना शब्द एकटा टिपू नकोस, त्याच्या शेजाऱ्यांसह टिप. 'दार क्वेंता' असं लिहून काही होत नाही, 'मे दि क्वेंता दे के...' म्हणजे 'माझ्या लक्षात आलं की...' असं लिहिलंस की ते उद्या बोलण्यात येतं.

निबंध लिहिताना भाषांतराचं यंत्र आधी उघडू नकोस. आधी स्वतः लिही, वेडंवाकडं का होईना. मग शंका असलेली दोन-तीन वाक्यं तपास. यंत्राने दिलेल्या वाक्यात तुला न शिकवलेला काळ असेल तर शिक्षकांना ते लगेच दिसतं, आणि तुला त्यातून काहीच मिळत नाही. बाईंकडे वही देताना त्यांना सांग की या वेळी फक्त भूतकाळ तपासा, पुढच्या वेळी फक्त सर्वनामं. पान भरून लाल शाई आली की कुणीच काही शिकत नाही. एकाच गोष्टीवरच्या पाच खुणा मात्र लक्षात राहतात, आणि मला ठाऊक असलेल्या कुठल्याही शिक्षिकेला अशी विनंती आवडतेच.

बाहेरची परीक्षा द्यायची इच्छा असेल तर स्पेनच्या सेर्बांतेस संस्थेतर्फे होणाऱ्या 'देले' परीक्षेची ११ ते १७ वयाच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी आवृत्ती आहे. तिची ए२ आणि बी१ ची प्रश्नपत्रिका एकच असते आणि कामगिरीनुसार दोन्हींपैकी एक पातळी मिळते, त्यामुळे आपण नक्की कुठल्या पातळीवर आहोत हे आधी ठरवून अर्ज करावा लागत नाही. मात्र त्या आधी दोन-तीन महिने रोजची तोंडी गोष्ट सांगून झालेली असू दे.